चौघांचे ९२ पौंड आणि तिन्ही भाज्यांना एकच चव

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं एक शाकाहारी जोडपं मुलाकडे इंग्लंडला गेलं होतं. मुलगा-सून लिंकनजवळच्या एका लहान गावात राहतात. परत निघण्याआधी चौघं गावातल्या एकुलत्या एक ‘इंडियन’मध्ये जेवायला गेले. पनीर मखनी, मिक्स व्हेज, भेंडी, तडका डाळ, जिरा राइस आणि नान मागवले. तिन्ही भाज्यांना एकच चव, तीही गोडसर. डाळ तुरीऐवजी मसुराची, तीही पाणीदार. न मागता आलेल्या पापडांचे पैसे बिलात लागले आणि बिल झालं ९२ पौंड. चौकशी केल्यावर कळलं की मालक आणि आचारी बांगलादेशचे आहेत. त्यांनी विचारलंय की, आचारी भारतीय नव्हते म्हणून असं झालं का? पुढच्या वर्षी व्याह्यांना घेऊन जायचंय, तेव्हा काय बघून हॉटेल निवडावं? आणि घरून काय न्यावं?

तिन्ही भाज्यांना एकच चव लागली, कारण त्या एकाच पातेल्यातून आल्या होत्या. आचारी कुठल्या देशाचा आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्या जागी कोल्हापूरचा आचारी उभा केला तरी त्या किचनमधून तुम्हाला तीच भाजी येईल. दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकून, मुंबईच्या हॉटेलांत काम करून मी इंग्लंडला आलो आणि सुरुवातीची वर्षं अशाच ‘करी हाउस’च्या भटारखान्यात काढली. आता इतरांना किचन लावून देतो, मेनू बसवून देतो. त्यामुळे हे पातेलं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

त्याला तिथे नुसतं ‘ग्रेव्ही’ किंवा ‘बेस’ म्हणतात. दुपारी किचन उघडलं की पहिलं काम त्याचं. पोतंभर कांदा सोलून मोठ्या पातेल्यात टाकायचा, त्यात थोडं गाजर, ढोबळी मिरची, कुठे कोबी, डब्यातले टोमॅटो, आलं-लसूण, हळद, मीठ, भरपूर तेल आणि कांदा बुडेल एवढं पाणी. मंद आचेवर हे दोन-तीन तास शिजतं. मग हातभर लांबीचा ब्लेंडर घालून एकजीव करायचं. शेवटी जे तयार होतं ते पिवळसर, सुपाइतकं पातळ असतं आणि चवीला अगदी सौम्य. यातला कांदा परतलेला नसतो, उकडलेला असतो. इथेच सगळं ठरतं. आपल्याकडे वाटणाला कांदा-खोबरं काळसर होईपर्यंत भाजतात, निदान कांदा गुलाबी होऊन तेल सुटेपर्यंत परततात. तो खमंगपणा उकडलेल्या कांद्याला कुठून येणार? त्यात तिकडचा मोठा पिवळा कांदा मुळातच पाणीदार आणि गोडसर. तुम्हाला जो गोडवा लागला त्यातला निम्मा त्या कांद्याचा होता. उरलेला निम्मा साखर, क्रीम आणि नारळाच्या पुडीचा.

आता ऑर्डर आल्यावर काय होतं ते बघा. प्रखर आचेवर अॅल्युमिनियमचं पसरट पॅन. लांब दांड्याच्या डावाने तेल, त्यात आलं-लसणाची पेस्ट, ती तडतडली की पाण्यात पातळ केलेली टोमॅटो प्युरे, मग एक चमचा ‘मिक्स पावडर’. ही म्हणजे करी पावडर, धने, जिरं, हळद आणि पाप्रिका एकत्र केलेला मसाला. चिमूटभर कसुरी मेथी. मसाला करपायच्या आत बेसचा एक डाव. तो आटला, कडेला चिकटला की डावाने खरवडून पुन्हा एक डाव. मग आधीच शिजवून ठेवलेलं काय असेल ते: चिकन, मटण, उकडलेल्या भाज्या किंवा पनीर. पाच-सात मिनिटांत प्लेट बाहेर. शुक्रवारी रात्री चार पॅन एका वेळी सांभाळणारा माणूस बघण्यासारखा असतो. मी भल्याभल्या पंचतारांकित शेफना त्या शेगडीपुढे गळपटताना पाहिलंय.

त्या पॅनमध्ये शेवटी काय पडतं त्यावर पदार्थाचं नाव ठरतं. नारळाची पूड, साखर, क्रीम पडलं की कोर्मा. तिखटाचा जादा चमचा आणि लिंबू पडलं की मद्रास. त्याहून तिखट झालं की विंदालू, आणि त्यात बहुतेक वेळा बटाट्याच्या फोडीही असतात. शिजलेली डाळ टाकली की धनसाक, काही ठिकाणी त्यावर अननसाची चकतीसुद्धा (पारशी माणसाला हे दाखवू नका). कांद्याचे मोठे तुकडे म्हणजे दोप्याजा. ढोबळी आणि हिरवी मिरची म्हणजे जालफ्रेझी. गोव्यातलं खरं विंदालू पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणातल्या मांसापासून आलेलं, डुकराचं, आंबट आणि मुरवलेलं. तिकडे ते केवळ तिखटाची एक पायरी होऊन बसलंय. मद्रास शहराचा तर त्या मद्रासशी काहीही संबंध नाही. तुमची पनीर मखनी, मिक्स व्हेज आणि ग्रेव्हीतली भेंडी या तीन भाज्या नव्हत्याच. एकच भाजी तीन वेळा आली होती, आत काय पडलंय एवढाच फरक.

हे असं का झालं, ते सांगितल्याशिवाय त्या लोकांवर अन्याय होईल. इंग्लंडात भारतीय जेवण विकायचा पहिला प्रयत्न खूप जुना आहे. मूळचे पाटण्याचे दीन महंमद यांनी १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलं आणि दोनच वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. लंडनच्याच रीजंट स्ट्रीटवर १९२६ साली ‘वीरास्वामी’ निघालं, पण ते बड्या लोकांचं. गावोगावची करी हाउस उभी केली ती सिल्हेटच्या लोकांनी. सिल्हेट आज बांगलादेशात, फाळणीआधी आसामात होतं. तिथली माणसं ब्रिटिश बोटींवर खलाशी म्हणून, बहुतेक इंजिनच्या भट्टीशी कोळसा ओढायला असत. काही बंदरात उतरली ती परत गेलीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी पडक्या भागातली कॅफे, फिश-अँड-चिप्सची दुकानं स्वस्तात घेतली. गिऱ्हाईक इंग्लिश कामगार, चिप्स मागणारं. त्याच्यासाठी चिप्स चालू ठेवून बाजूला करी. रात्री अकराला पब बंद व्हायचे, बाकी हॉटेलं त्याआधीच बंद झालेली, आणि पोटात बिअर असलेलं ते गिऱ्हाईक यांच्याकडे यायचं. त्याला पंधरा मिनिटांत, स्वस्तात, एका मित्राला सौम्य आणि दुसऱ्याला जाळ असं काहीतरी हवं असायचं. एका पातेल्यातून वीस पदार्थ काढायची युक्ती या गरजेतून आली आणि चालली. एकाच्या हॉटेलात काम शिकलेला पुतण्या पुढच्या गावात स्वतःचं हॉटेल काढताना तोच मेनू, तेच दर, तेच पातेलं घेऊन गेला. म्हणून कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत मेनू सारखा. २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचं भाषणात सांगितलं. त्यावर आपल्याकडे बरेच लोक हसले. मला विचाराल तर बोलले ते बरोबर होतं. ते जेवण ब्रिटिशच आहे, ब्रिटिश माणसासाठी बांधलेलं. तुम्ही पुण्याची जीभ घेऊन गेलात.

आणि नाक मुरडायच्या आधी आपल्या घराजवळचं कुठलंही ‘फॅमिली रेस्टॉरंट’ आठवा. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळी करून ठेवलेल्या असतात आणि त्यातून दीडशे पंजाबी भाज्या निघतात. व्हेज कोल्हापुरी, व्हेज मराठा, व्हेज हैदराबादी एकाच लाल ग्रेव्हीतून. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात व्हेज कोल्हापुरी शिजत नाही. फरक इतकाच की आपली लाल ग्रेव्ही परतलेली असते, काजू-मगज घातलेली असते, आणि ती आपल्या जिभेच्या सवयीची झाली आहे.

आता मसुराच्या डाळीबद्दल. तुमच्या टेबलावर त्या रात्री सगळ्यात अस्सल काही असेल तर ती डाळच होती. सिल्हेटच्या घरात रोज मसूरच शिजतो, जशी आपल्याकडे तूर. शिवाय मसूर कुकरशिवाय वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतो, म्हणून किचनलाही सोयीचा. पाणीदार वाटली कारण ती तशीच करतात, भातावर ओतून घ्यायची. तिचा तडका बहुतेक कमजोर असणार. पण ते सांगून सुधारता येतं, तिकडे मी वळतोच.

फोडणी कमजोर का, याला एक कारण कायद्यातही आहे आणि ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये १४ अॅलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. ते कशात आहेत हे हॉटेलाने गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं, २०१४ च्या डिसेंबरपासून मोकळं विकलेलं जेवणही यात आलं. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम आणि तीळ त्यात आहेत हे तुम्हाला अपेक्षित असेल. पण त्यात मोहरीही आहे. आणि बाजारातला खडा नसलेला हिंग बहुतेक गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो, म्हणजे हिंग घातला की पदार्थ ग्लुटेनच्या रकान्यात गेला. दहा पदार्थांच्या नावापुढे खुणा करत बसण्यापेक्षा मालक म्हणतो, मोहरी नको, हिंग नको. यात विनोद करण्यासारखं काही नाही. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये २०१४ साली शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या एका माणसाचा पार्सल नेलेली करी खाऊन मृत्यू झाला. बदामाच्या पुडीऐवजी स्वस्त, शेंगदाणा असलेलं मिश्रण वापरलं जात होतं. २०१६ साली त्या मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून या धंद्यातला शहाणा माणूस पुड्यांच्या बाबतीत घाबरूनच असतो, आणि घाबरलेलंच बरं.

पैशांकडे येऊ. ९२ पौंडांचे रुपये करू नका, तो हिशेब माणसाला जेवू देत नाही. बारा पौंडांची पनीरची डिश धरा. त्यातले दोन पौंड व्हॅटचे, कारण हॉटेलातल्या जेवणावर २० टक्के व्हॅट आहे आणि तो छापील दरातच असतो. उरलेल्या दहांत जागेचं भाडं, गॅस, वीज आणि पगार. एप्रिल २०२५ मध्येच किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं. म्हणजे भांडी घासणाऱ्याचा एक तास तुमच्या पनीरपेक्षा महाग. बाहेरून आचारी आणावा तर एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी वर्षाला ३८,७०० पौंड पगाराची अट आली, पुढे ती आणखी कडक झाली. गावातलं करी हाउस एवढा पगार देऊ शकत नाही. जुने आचारी निवृत्त होताहेत, त्यांची मुलं अकाउंटंट आणि फार्मासिस्ट झालीत, किचनला यायला तयार नाहीत. मग बेसमधला कांदा कमी होतो, पाणी वाढतं, आणि बनवलेली पेस्ट डब्यातून येते. तुम्हाला मिळालेलं जेवण करी हाउसचं होतं म्हणून निराशाजनक होतंच, पण तुमच्या वर्णनावरून ते करी हाउसच्या मापानेही पडेल होतं. चांगल्या करी हाउसमध्ये बेस एकच असला तरी भुना (परतून आटवलेली करी) आणि मद्रास डोळे मिटून ओळखता येतात. तिथे आचारी पॅनला चिकटलेला मसाला खरवडायला दोन मिनिटं जास्त देतो. तुमच्या आचाऱ्याने ती दिली नाहीत.

पापडांचं मात्र फसवणं म्हणता येणार नाही. बसल्यावर पापड आणि चार चटण्यांचं तबक विचारायची तिकडे पद्धतच आहे, आंब्याचा गोड मुरंबा, कांदा, पुदिना-दही, लिंबाचं लोणचं. दर माणशी लावतात. न विचारता ठेवलं तर ‘हे नकोय’ म्हणून लगेच परत करायचं. खाल्लंत की पैसे द्यावेच लागतील. बिलाखाली दहा-साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज असेल आणि तो ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेला असेल, तर नाखूश असताना तो काढायला सांगता येतो. त्यात संकोच नको. पण जेवण बरं झालं असेल तर द्या, कारण ऑक्टोबर २०२४ पासून हे सगळे पैसे कामगारांनाच देणं मालकावर बंधनकारक झालंय. डिश खरंच वाईट असेल तर दोन घासांत सांगा. वाडगा रिकामा करून तक्रार केली तर कोणी ऐकत नाही, आणि मीही ऐकलं नसतं.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. पुढच्या वर्षी व्याही सोबत असताना ती कळली तर प्रसंग येईल. काही किचनांत चिकन किंवा मटण आधी शिजवल्यावर उरलेला मसालेदार रस, त्याला तिथे ‘अखनी’ म्हणतात, बेसमध्ये किंवा ऐनवेळी पॅनमध्ये घालतात. चव त्याने खुलते. सगळे करत नाहीत, पण करणारे आहेत. अॅलर्जीच्या यादीत चिकन नसल्यामुळे यादीवरून ते कळणार नाही. त्यामुळे ‘व्हेज आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘ग्रेव्हीत मीटचा स्टॉक आहे का’ असं सरळ विचारा. तसंच कांदाभजी कोणत्या तेलात तळतात? बहुतेक ठिकाणी तळणी एकच, त्यात फिश पकोडाही तळला जातो. नानच्या पिठात अंडं असू शकतं; हे मात्र यादीत असतं, विचारलं की सांगावंच लागतं. रोटी किंवा चपाती मागवली तर बहुधा प्रश्न मिटतो. खोबरं-बेदाणे भरलेला पेशवारी नान भाजीबरोबर मागवू नका. तो गोड असतो, आधीच गोडसर असलेल्या ग्रेव्हीत आणखी भर.

आता निवड. मेनू आधी ऑनलाइन उघडा. डावीकडे कोर्मा, मद्रास, भुना, पथिया अशी नावं आणि उजवीकडे चिकन, लॅम्ब, प्रॉन, व्हेज असे रकाने दिसले की ते पातेल्याचं हॉटेल. ते वाईटच असेल असं नाही, पण तुम्हाला हवं ते तिथे नाही. मेनू लहान असेल, पदार्थांना गावांची किंवा घरांची नावं असतील, शनिवार-रविवारी थाळी असेल, कढी, उंधियो, डोसा, अप्पम असलं काही असेल तर आशा आहे. रिव्ह्यू वाचताना तारे मोजू नका. इंग्लिश गिऱ्हाईक ‘लव्हली कोर्मा, फ्रेंडली स्टाफ’ म्हणून पाच तारे देतं आणि ते प्रामाणिक असतं. आपल्या लोकांनी डाळीबद्दल आणि चपातीबद्दल काय लिहिलंय ते शोधा. दारावरचं शून्य ते पाच आकड्यांचं हिरवं-काळं स्टिकर स्वच्छतेचं असतं, चवीचं नाही. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते दारावर लावायची सक्ती आहे, इंग्लंडमध्ये नाही. इंग्लंडमध्ये लावलेलं दिसलं नाही तर ऑनलाइन बघून घ्या. शुक्रवार-शनिवारची रात्र टाळा. मंगळवार-बुधवारी आचाऱ्याकडे तुमच्यासाठी वेळ असतो.

आणि तरीही त्याच गावातल्या त्याच हॉटेलात जायची वेळ आली, तर? मग मेनू बाजूला ठेवा आणि वेटरशी बोला. हिंदी सिनेमांमुळे त्यांच्यातल्या पुष्कळांना हिंदी समजतं. ‘भाई, आज स्टाफ के लिए क्या बना है?’ असं विचारा. माणूस आधी चमकतो, मग हसतो. कारण ते स्वतः ती पातेल्यातली करी खात नाहीत. कामगारांसाठी वेगळी भांडी चढतात आणि करी हाउसमधलं सगळ्यात चांगलं जेवण त्यात असतं: हाडासकट मटण, सातकोरा नावाचं आंबट-कडवट लिंबू घातलेलं मासळीचं कालवण, सुकी मिरची आणि भरपूर लसणाची फोडणी दिलेली डाळ. शाकाहारी माणसाला भोर्ता मागता येतो: उकडलेला बटाटा किंवा भाजलेलं वांगं, कच्चा कांदा, भाजलेली सुकी मिरची, हिरवी कोथिंबीर, वरून कच्चं मोहरीचं तेल. आपल्या भरताच्या इतकं जवळचं की व्याह्यांना चुलत भाऊ भेटल्यासारखं वाटेल. (त्या मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर ब्रिटनमध्ये ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलेलं असतं, आणि ती मिळते मात्र तांदळाच्या शेजारच्या फळीवर.) आदल्या दिवशी फोन करून, ‘चौघं शाकाहारी आहोत, घरच्यासारखं काही कराल का’ असं विचारलंत तर बरेच आचारी आनंदाने करतात. आयुष्यभर कोर्मा करून तेही कंटाळलेले असतात. ‘हे खरं इंडियन नाहीये’ असं ऐकवून मात्र कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मेनूतूनच मागवायचं झालं तर ग्रेव्हीची एकच डिश घ्या आणि ती ‘भुना’ करून मागा. म्हणजे बेस आटेपर्यंत, तेल सुटेपर्यंत परतलेली. उकडलेल्या कांद्याचा कच्चट गोडवा त्याने बराच जातो. बाकी सगळं कोरडं घ्या. बॉम्बे आलू, लसूण घातलेलं मशरूम, साग (पालक बहुधा फ्रोझन असतो, पण तो फ्रोझन चालतो), तंदूरमधलं पनीर. भेंडी मात्र फ्रोझन किंवा डब्यातली असेल तर चिकट येणारच. ‘ताजी आहे का’ विचारून नसेल तर सोडून द्या. पनीर तिकडे कारखान्याच्या लाद्यांमधून येतं, घट्ट असतं. तुम्हाला ते रबरासारखं लागलं असेल तर आचाऱ्याने कोमट मिठाच्या पाण्यात भिजवायचे कष्ट घेतले नाहीत. डाळ सांगताना ‘वरून लसूण आणि सुक्या मिरचीचा ताजा तडका, क्रीम-साखर नको’ एवढं म्हणा. ‘इंडियन हॉट करा’ असं कधीही म्हणू नका. त्याचा अर्थ त्या किचनमध्ये एकच होतो, लाल तिखटाचे आणखी दोन चमचे, तेही कच्चे. तिखट हवं तर हिरवी मिरची ठेचून घालायला सांगा.

हे झालं ब्रिटनचं. इतर देशांत पातेलं वेगळं असतं, खेळ साधारण तोच. जपानमध्ये ‘इंडियन’ हॉटेलं मोठ्या संख्येने नेपाळी लोक चालवतात आणि तिथे ताटाबाहेर लोंबणारा गोड नान, त्यात चीज भरलेला, हाच मुख्य आकर्षण. जर्मनीत सगळ्यात क्रीम. अमेरिकेत दुपारचा पंजाबी बफे. तिथेही पहिला प्रश्न हाच ठेवा: हे जेवण कोणासाठी बांधलंय?

पुढच्या वर्षी खरं तर मी तुम्हाला त्या गावात जेवूच देणार नाही. लिंकनहून लेस्टर गाडीने दीड तासाच्या आसपास. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, त्यातले बरेच गुजराती लेस्टरला येऊन स्थिरावले, आणि तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर आज शाकाहारी माणसाने काय खावं असा प्रश्न पडत नाही, किती खावं असा पडतो. गरम फुलके, कढी, फरसाण, मिठाई, पान. गिऱ्हाईकच गुजराती असल्यामुळे तिथे कोणी फसवू शकत नाही. लंडनला गेलात तर यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर सत्तरच्या दशकापासून भेळपुरी-डोशाची शाकाहारी हॉटेलं आहेत. वेंब्लीत ईलिंग रोड आहे. हाउन्स्लोमध्ये मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० साली वडापाव विकायला सुरुवात केली, त्याच्या आता बऱ्याच शाखा झाल्यात. आणि मराठीच जेवायचं असेल तर १९३२ पासून चालू असलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती किंवा दिवाळीचा कार्यक्रम तारखांत बसतोय का ते बघा. ब्रॅडफर्डच्या करीबद्दल आणि बर्मिंगहॅमच्या बाल्टीबद्दल (छोट्या कढईत करून त्यातच वाढलेली करी) कोणी सांगेल; ती पाकिस्तानी-काश्मिरी खवय्यांची मटणाची ठिकाणं, व्याही खात असतील तरच.

घरून नेण्याबद्दल. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, सुकी लाल मिरची, खडा हिंग, डाळी हे सगळं चालतं. पाकिटं सीलबंद आणि नावं लिहिलेली ठेवा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही बॅगेत नको, सापडलं की कस्टम्सवाले काढून टाकतात. ताज्या फळं-भाज्यांतल्या बऱ्याच गोष्टींना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, त्या भानगडीत पडू नका. लोणी आणि तूप तिकडच्या सुपरमार्केटमध्ये उत्तम मिळतं. बिनमिठाचं लोणी आणून सूनबाई घरी कढवू शकतात, बेरीसुद्धा निघते.